धडा करून बघू

"आधी धडा करून बघू," असं अक्का म्हणाल्या की ओळखायचं, आता कितीही घाई केली तरी उपयोग नाही. म्हणताना त्या उजवा हात पालथा करून हवेत धरायच्या आणि हळूहळू खालीवर करायच्या. समोरचा माणूस बोलायचं सोडून त्या हाताकडंच बघत राहायचा.

तुमच्यापैकी ज्यांनी इलेक्ट्रॉनिक काट्यावरच सामान घेतलंय, त्यांना धडा म्हणजे शाळेच्या पुस्तकातला, एवढंच माहीत असणार. किराणा दुकानात जन्म गेलेल्या माणसाचा धडा निराळा. गिऱ्हाईक तेलाला डबा घेऊन आलं की रिकामा डबा एका पारड्यात ठेवायचा. दुसऱ्यात दगड, फरशीचा तुकडा, गंजका नट, हाताला लागेल ते टाकत जायचं. दोन्ही पारडी बरोबर आली की मग तेल ओतायला लागायचं. डब्याला तोलून धरणारा तो दगडधोंड्यांचा ढीग म्हणजे धडा.

उदगीरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी अक्कांचं दुकान होतं. अक्का म्हणजे सगळ्या गल्लीच्या अक्का. त्यांचे मालक आप्पा, तेही सगळ्यांचेच. त्यांची नावं मला रेशनकार्डावर बघायला मिळाली असती, पण गरज कधी पडली नाही. दुकानात नवा काटा आला होता तरी सासऱ्यांच्या वेळचा लोखंडी तराजू आढ्याला तसाच टांगलेला होता. पोती तोलायचा, माणूस बसेल एवढ्या पारड्यांचा.

धडा त्या कशाचाही करायच्या. कोणी नवा साबण विकायला आला तर त्याच्यासमोर आप्पांचा सदरा मागवून कॉलर घासून बघायच्या. बिचारे आप्पा तोवर बनियनवर गल्ल्यावर बसलेले. आम्ही त्या गल्लीत राहायला गेलो तेव्हा त्यांनी आमच्या घरी टोपलंभर कैऱ्या पाठवल्या. बायकोनं टोपलं परत करताना त्यात चार लाडू ठेवले. पुढं वर्षभरानं मला कळलं की तो आमचा धडा होता. टोपलं रिकामं आलं असतं तर आमची काही धडगत नव्हती.

गंगू त्यांची एकुलती पोरगी. जन्माच्या वेळी काहीतरी अडलं आणि हातपाय ताठ राहिले. ती चालली नाही, बोलली नाही, आधाराशिवाय कधी बसली नाही. पण हसायची मात्र लई. आणि कशाला, तर गाडी स्पीडब्रेकरवर आपटली की. बाकीचे प्रवासी शिव्या घालायचे तेव्हा ही खदाखदा हसायची. लातूरच्या एसटीचे कंडक्टरसुद्धा तिला ओळखायचे.

दर आठवड्याला अक्का तिला मांडीवर घेऊन एसटीनं लातूरला न्यायच्या. तिथं एक डॉक्टर छातीवर थापट्या मारून कफ मोकळा करायचे, सांधे हलवायचे. ते त्यांनी अक्कांना शिकवलं होतं, पण घरी निम्मंच जमायचं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पोरगी आडवी पडून राहिली तर छाती भरणार. तिला उठवत राहा, फिरवत राहा, इथं आणत राहा. हे त्यांचं सांगणं अक्कांना तोंडपाठ होतं. कोणी विचारलं नाही तरी सांगायच्या.

पण पोरगी वाढते. बारा-तेरा वर्षांची झाली आणि एक दिवस एसटीच्या पायरीवर अक्कांचा पाय सरकला. पोरीला छातीशी धरून त्या पाठीवर पडल्या. गंगूला खरचटलंही नाही, पण अक्का महिनाभर कमरेला पट्टा बांधून होत्या. त्यानंतर एसटी बंद. रिक्षात गंगूचे ताठ पाय बाहेर राहायचे. भाड्याची जीप दर आठवड्याला कोण करणार? गंगू मागच्या खोलीत खाटेवर पडून राहायला लागली.

"भाऊ," अक्का एक दिवस माझ्याकडं आल्या, "तुमच्याकडं गाडी हाय. तुम्हाला गाडीतलं कळतंय."

आता, मी वीज कार्यालयातला कारकून. माझ्याकडं एक लहानशी गाडी होती हे खरं, पण गाडीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पेट्रोल कुठल्या बाजूनं भरतात हेही मी पंपावर गेल्यावर मान वळवून बघायचो. तसं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "चालतंय की. माझ्यापेक्षा तर बरं."

आधी माझ्याच गाडीचा धडा करून बघितला. मी म्हटलं, माझी आहे ना, कधीही न्या, जुनी गाडी कशाला घेता. गंगूला आणलं. माझ्या गाडीचं मागचं दार ते केवढं. पाय वाकेनात, डोकं आत जाईना, आप्पा पलीकडून ओढतायत, मी इकडून ढकलतोय. त्या गडबडीत तिचा घोटा दाराच्या कडेला घासला आणि पोरगी अशी रडली की गल्लीतली माणसं बाहेर आली. अक्कांनी तिला परत उचलून घेतलं. त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की आता पोरीवर धडे करायचे नाहीत.

मग त्यांनी जे केलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. आढ्याच्या त्या लोखंडी तराजूच्या एका पारड्यात गोधडी घालून त्यांनी गंगूला निजवलं, आप्पांनी तिला धरलं. दुसऱ्या पारड्यात पोतं ठेवून त्यात अक्का ज्वारी ओतायला लागल्या. पारडं हळूच वर उचललं गेलं तशी गंगू झोका समजून हसायला लागली. दोन्ही बाजू बरोबर झाल्या. अक्कांनी सुतळीनं पोत्याचं तोंड बांधलं आणि त्यावर हात ठेवला.

"ही गंगू," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून जुन्या गाड्या बघायला आम्ही तिघं आणि ते पोतं असे जायचो, गंगूजवळ माझी बायको थांबायची. मी माझी गाडी चालवायचो, आप्पा शेजारी, मागं अक्का आणि पोतं. जागेचं म्हणाल तर पोतं मुकाट्यानं बसायचं, कारण ते वाकायचं. हेच अक्कांना खटकलं. गंगू कुठं अशी वाकते? पुढच्या वेळी त्यांनी पोत्यात दोन वेळूच्या काठ्या घातल्या, पायांच्या जागी. आता पोतं गंगूसारखंच हट्टी झालं, माझ्या गाडीतून नेताना काठ्या काढून ठेवायला लागायच्या.

नवी गाडी घ्यायची ऐपत नव्हती, एवढं सांगून पैशाचा विषय मी संपवतो. लातूरला रिंगरोडच्या बाजूला जुन्या गाड्यांचे बाजार भरलेले असतात, तुम्हीही बघितले असतील. पताका लावलेल्या, टायरला काळं पॉलिश मारलेलं, आणि प्रत्येक गाडी एकाच हाताची, डॉक्टरची. लातुरात डॉक्टर पुष्कळ आहेत हे मान्य. पण त्यांच्या जेवढ्या गाड्या विकायला निघालेल्या आहेत, तेवढे डॉक्टर महाराष्ट्रात नसतील.

विकणारा माणूस लगबगीनं बॉनेट उघडायचा. इंजिन सुरू करून कान द्या म्हणायचा. मीही जाणकारासारखी मान तिरकी करून ऐकायचो. अक्का लांबून म्हणायच्या, "दादा, ते झाकण राहू द्या. मागचं दार उघडा आधी."

मग त्या पदर खोचून पोतं उचलायच्या. दोन्ही हातांवर, आडवं, पोरीला उचलतात तसं. आप्पा हात लावायला गेले तर त्यांना मागं सारायच्या. "ह्यांनी गाडी चालवायची का पोरगी धरायची? मला एकटीलाच जमायला पायजे." लोक जमायचे. एकानं विचारलं, बाई, ज्वारी न्यायला गाडी घेऊन राहिल्या का, मग टेम्पो घ्या की. अक्कांनी पोतं उचललं आणि पुढच्या गाडीकडं निघाल्या. दुसऱ्या एका ठिकाणी वेळूची काठी गाडीच्या छताच्या आतल्या कापडात घुसली आणि ते टराटरा फाटलं. मालक अंगावरच आला. पोतं उसवून मागच्या सीटवर ज्वारी सांडली होती ती अक्का एकेक दाणा वेचत बसल्या. मी त्या मालकाशी तावातावानं भांडलो. खरं तर त्याची चूक काहीच नव्हती, पण मला कोणावर तरी ओरडायचं होतं.

सगळ्या गाड्यांत काही ना काही अडायचं. ज्या बुटक्या त्यांत डोकं आपटायचं, ज्या उंच त्यांत अक्कांना पोतं खांद्याच्या वर न्यावं लागायचं आणि कंबर धरून त्या खालीच बसायच्या. आप्पा बिडी ओढायला लांब जायचे. ते बोलत नसत, पण परतीच्या रस्त्यावर एकदा स्वतःशीच म्हणाले, "पोरगी वाढून राहिली, गाड्या म्हाताऱ्या होऊन राहिल्या." 

दर खेपेला निघण्याआधी अक्का गंगूला पुन्हा तोलायच्या. आणि दर खेपेला पोत्यात आणखी ज्वारी पडायची. एरवी आईला लेकराचं वजन वाढलं की आनंद होतो. अक्का माप भरून ओतायच्या आणि त्यांचं तोंड उतरायचं. मला ते बघवायचं नाही. मी उगाच शेंगदाण्याचा भाव विचारायचो.

नांदेडला एक व्हॅन आहे असं आप्पांना कोणीतरी सांगितलं. मुखेडवरून आम्ही गेलो. शाळेची पोरं नेणारी जुनी पिवळी व्हॅन, वर पांढरा रंग मारलेला, पण बिजागरीपाशी पिवळा दिसत होता. बाजूचं दार सरकणारं. अक्कांनी एका हातानं ते ढकललं आणि दार सर्र करून पार मागं गेलं. एवढं मोठं तोंड उघडलं की त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. पोतं उचललं, एक पाय आत, आणि एका दमात लांबट सीटवर ठेवलं. काठ्या कुठं लागल्या नाहीत. परत काढलं. परत ठेवलं. चार-पाच वेळा केलं त्यांनी तसं. शेवटी पोत्याशेजारी स्वतः बसल्या आणि म्हणाल्या, "हीच."

पण आम्ही बोलावलेला मिस्त्री गाडीखाली शिरला होता. तो बाहेर आला तेव्हा त्याचं बोट गंजानं लाल झालेलं. तळाला बोट आरपार जातंय म्हणाला. इंजिन थोडं तापलं की बंद पडणार, ह्या गाडीची पंधरा वर्षं भरत आलीत, पुढं पासिंगचं काय ते तुम्ही बघा. तरी आम्ही एक चक्कर मारायला काढली. भर दुपारी, उड्डाणपुलाच्या चढावर व्हॅन आचके देत थांबली ती थांबलीच. मागून ट्रक भोंगे वाजवायला लागले. आत भट्टी झाली होती. आप्पा किल्ली फिरवतायत, मी उतरून हात दाखवतोय, आणि अक्का मागं त्या पोत्याकडं बघत होत्या. नुसत्या बघत होत्या. मग त्यांनी पदरानं पोत्याला वारा घालायला सुरुवात केली.

 मी म्हटलं, अक्का, ज्वारी आहे ती. त्या म्हणाल्या, "आत्ता ज्वारी हाय."

व्हॅन कशीबशी मालकाच्या दारात परत नेल्यावर त्यांनीच नाही म्हणून सांगितलं. दार चांगलं, बाकी मरणाचं. अशा उन्हात, रानात कुठं बंद पडली आणि पोरीच्या छातीत कफ दाटला तर मी कुठं पळू, असं म्हणून त्या व्हॅनच्या पायरीवर बसून रडल्या. दुकानात भल्याभल्यांना गप्प करणारी बाई. आप्पा त्यांच्याजवळ गेले आणि नुसतेच उभे राहिले.  न घ्यावी तर पोरगी खाटेवर, घ्यावी तर रस्त्यावर. मी तुम्हाला विचारतो, तुम्ही काय केलं असतं?

थंडी सुरू झाली आणि गंगूला ताप येऊ लागला. जायचा, परत यायचा. आमच्याकडच्या डॉक्टरांनी लातूरला न्यायला सांगितलं की आप्पा जीप ठरवून आणायचे, पण ती वेळेवर मिळेलच असं नाही. एकदा लग्नसराईत सगळ्या जीपा वऱ्हाडात गेलेल्या. मी माझी गाडी दारात नेऊन उभी केली. अक्कांनी दाराकडं बघितलं, गंगूच्या घोट्याकडं बघितलं, आणि आत निघून गेल्या. त्या दिवशी औषधावरच भागवलं.

मग एका सकाळी मी चहापत्ती आणायला दुकानात गेलो. तराजूच्या एका पारड्यात गंगू होती. दुसऱ्या पारड्यातलं पोतं खाली टेकलं होतं. अक्का त्यात हात घालून माप बाहेर काढत होत्या आणि ज्वारी परत कणगीत टाकत होत्या. एक माप. मग पुन्हा एक. गंगूचं पारडं जागचं हलेना. आप्पा भिंतीकडं तोंड करून उभे होते.

मी म्हटलं, "काढून राहिलात?"

अक्कांनी आणखी एक माप काढलं. पारडं हळूहळू खाली आलं आणि बरोबर झालं. पोतं केवढंसं दिसत होतं.

"आता कुठलीबी चालंल, भाऊ," त्या म्हणाल्या. "आता तुमच्याबी गाडीत मावंल ती."

मी चहापत्ती न घेताच घरी आलो. 

त्याच दिवशी नांदेडला फोन लावला. ती व्हॅन तिथंच पडून होती, दुसरं कोण घेणार तिला. ह्या वेळी अक्का आल्या नाहीत, पोतंही आलं नाही. आप्पा आणि मी जाऊन घेऊन आलो. वाटेत दोनदा थंड होऊ दिली. मुखेडच्या अलीकडं एका विहिरीवर पाणी घातलं. आप्पा माझ्यापेक्षा नीट चालवत होते, पूर्वी त्यांनी दुकानाचा टेम्पो हाकला होता. घरी आल्यावर अक्कांनी बॉनेटवर भस्माची तीन बोटं ओढली, चाकाखाली लिंबू ठेवलं. तळाला पत्रा ठोकून घेतला. मला त्या म्हणाल्या की तेव्हाच घ्यायला पायजे होती. मी चिडून म्हटलं, आता कशाला ते काढता. त्यांनी मान हलवली. पण तो विषय त्यांच्या डोक्यातून गेला नाही, मला दिसत होतं.

पुढचे काही आठवडे बरे गेले, हे मी मुद्दाम सांगतो. कारण ते खरंच बरे गेले. गंगू पुन्हा लातूरला जायला लागली. छाती मोकळी व्हायची, तोंडावर तजेला यायचा. येताना आप्पा मुद्दाम गावातून गाडी घ्यायचे, तिकडं स्पीडब्रेकर जास्त. व्हॅन बंद पडायची, नाही असं नाही. पण अक्का सोबत पाण्याचे डबे आणि छत्री ठेवायच्या. रस्त्यानं जाणारी काळीपिवळी जीपवाली माणसं उतरून धक्का मारायची. एकदा असा धक्का मारताना अक्का स्वतः खाली उतरल्या आणि ढकलता ढकलता इतक्या हसल्या की धक्का मारणारेही हसायला लागले. हे मला आप्पांनी सांगितलं. आप्पा कधी नव्हे ते आपणहून बोलले.

अक्का आता आमच्या गल्लीत नाहीत. दुकान बंद करून दोघं निलंग्याकडं अक्कांच्या भावाच्या गावी गेले. आम्ही दिवाळीला फोन करतो, आप्पा उचलतात. पण मला त्यांची जी शेवटची आठवण आहे ती त्याच्या आधीची आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला हे संपवता येणार नाही.

लातूरच्या दवाखान्यातून सकाळी आप्पांचा फोन आला. ते फक्त "भाऊ, या," म्हणाले. मी एसटीनं गेलो, कारण येताना ती व्हॅन मलाच चालवावी लागणार हे मी ओळखलं होतं.  गंगू गेली होती.

त्यांच्या समाजात गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. बसवतात आणि बसलेल्या स्थितीतच पुरतात. अंग ताठरायच्या आत बसवायला लागतं. उदगीरहून भावकीतल्या म्हाताऱ्या माणसांचे फोनवर फोन येत होते, आडवी आणू नका, बसवूनच आणा. दवाखान्याची अँब्युलन्स दारात उभी होती. त्यात आडवं स्ट्रेचर. ड्रायव्हर म्हणाला, बाई, ठेवा, मी नेतो.

"आमची गाडी हाय," अक्का म्हणाल्या.

त्यांनी तिला एकटीनंच उचललं. मी व्हॅनचं दार ढकललं, ते सर्र करून मागं गेलं. एक पाय आत, आणि गंगूला त्यांनी सीटवर बसवलं. कमरेला दोन्ही बाजूंनी उशा लावल्या, ओढणीनं सीटला बांधलं, आणि स्वतः शेजारी बसून तिच्या मानेमागं हात घातला. तसा हात त्या नेहमीच घालायच्या. तो नसला तर गंगूची मान पुढं कलंडायची. निघाल्यापासून त्यांनी तो हात काढला नाही. एकदाच म्हणाल्या, भाऊ, सावकाश. मी इतकी सावकाश गाडी आजवर चालवली नव्हती. त्या दिवशी ती कुठंही बंद पडली नाही.

घरी भावकीतल्या बायका कोमट तेल घेऊन बसल्या होत्या. जन्मभर न वळलेले ते पाय त्यांनी चोळून चोळून, फार वेळ लावून, मांडी घातल्यासारखे वळवले. भिंतीशी पाट मांडून तिला बसवलं. मागून भिंतीच्या खुंटीला कापड बांधून पाठीला आधार दिला. त्यांच्या समाजाचे स्वामी पूजेला आले, कपाळावर भस्म लावलं, गळ्यात शेवंतीचा हार घातला. गंगू सरळ बसली होती. मी तिला अशी कधी बघितली नव्हती, कोणीच बघितली नव्हती.

त्यांच्यात अशा वेळी घरच्यांसोबत फोटो काढतात. एका बाजूला आप्पा बसले, दुसऱ्या बाजूला अक्का. अक्कांच्या पुतण्यानं मोबाईल धरला आणि थांबला. म्हणाला, काकू, हात दिसून राहिला.

अक्कांचा हात गंगूच्या मानेमागं होता. त्यांना ते माहीतही नव्हतं. आप्पा हळूच म्हणाले, "काढ. बसली ती."

अक्कांनी हात काढायला घेतला. पूर्ण काढला नाही, बोटभर अंतरावर धरून ठेवला, मान कलंडली तर पुन्हा लावता यावा म्हणून. सगळे थांबले. मान कलंडली नाही. अक्का तिच्याकडं बघत राहिल्या, मग माझ्याकडं बघितलं.

"राहिली की वो, भाऊ," त्या म्हणाल्या. "माझ्याबिगर राहिली."

पुतण्यानं फोटो काढला. त्या फोटोत गंगू आणि आप्पा समोर बघतायत, आणि अक्का आपल्या रिकाम्या हाताकडं.